विमान पडलं, आजोबा परत आले: मधल्या दिवसांचा माग कसा काढायचा

नाशिककडच्या एखाद्या घरात एकच वाक्य शिल्लक असतं: 'आजोबांचं विमान ब्रह्मदेशात पडलं आणि ते जंगलातून चालत आले.' किती दिवस चालले, कुणी जेवायला घातलं, कोणत्या चौकीवर पोचले, हे कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीतून सुटून आलेल्यांकडून गुप्ततेची लेखी हमी घेत असत, म्हणून बरेच जण घरीही बोलले नाहीत. पण त्यांनी परतल्यावर अधिकाऱ्यांसमोर दिलेलं निवेदन बहुतेकदा टाइप होऊन फायलीत गेलं. ते शोधायचं आहे.

सुरुवात आजोबांच्या नावापासून करू नका. लष्करी कारकुनांच्या हाती मराठी नावाची पाच रूपं होतात. आडनाव गावावरून बदललेलं असतं, आद्याक्षरांत वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. विमान मात्र एका तारखेला, एका स्क्वाड्रनचं म्हणजे हवाई तुकडीचं, विमानावर लिहिलेल्या एका सीरियल क्रमांकाचं उडालं आणि परतलं नाही. तारीख, स्क्वाड्रन, सीरियल ही तीन टोकं हाती आली की नाव आपोआप सापडतं, मग ते कसंही लिहिलेलं असो.

आधी घरातली ट्रंक

ट्रंकेसाठी एक अख्खा रविवार ठेवा. वस्तू ज्या क्रमाने रचलेल्या आहेत, त्याच क्रमाने फोटो काढत बाहेर काढा. एकाच पाकिटात ठेवलेले कागद बहुधा एकाच प्रसंगाचे असतात, ते वेगळे झाले की तो संबंध कायमचा जातो. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. पितळेच्या किंवा चांदीच्या वस्तूंना पॉलिश तर अजिबात नको.

लॉगबुक मिळालं तर निम्मं काम झालं. वैमानिकाचं लॉगबुक फॉर्म ४१४, निरीक्षक आणि एअर गनरचं फॉर्म १७६७. हा आकडा मुखपृष्ठावर किंवा आत बारीक अक्षरात छापलेला असतो आणि त्यावरून आजोबा विमानात काय काम करत होते ते कळतं. रात्रीचं उड्डाण लाल शाईत लिहायची पद्धत होती. परत न आलेल्या उड्डाणाची नोंद अनेकदा दुसऱ्याच्या अक्षरात असते, आणि त्यानंतर काही आठवडे कोरे जातात. ती कोरी जागा म्हणजे तुमच्या शोधाची दोन टोकं: शेवटच्या नोंदीची तारीख आणि पुढच्या नोंदीची तारीख.

पदकांची कड भिंगाखाली पाहा. ब्रिटिश सैनिकांना दिलेली दुसऱ्या महायुद्धाची पदकं सहसा कोरी असत, पण भारतीय दलांतल्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. तो क्रमांक म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जाची किल्ली. भारतीय हवाई दलातल्या त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकापुढे 'आयएनडी' ही अक्षरं दिसतात. बर्मा स्टार हे पदक असेल तर सेवा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातली. फितीवर ओकच्या पानाचं छोटं चिन्ह म्हणजे अहवालात नावानिशी उल्लेख झाला होता, आणि तो उल्लेख लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात शोधता येतो.

दोन बारीक वस्तू लोक बटण समजून टाकून देतात. एक म्हणजे सोन्याचा सुरवंट. पॅराशूटने जीव वाचलेल्यांना आयर्विन कंपनी तो देत असे आणि मागे नाव कोरलेलं असे. दुसरी म्हणजे पंख लावलेला बूट. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात विमान उतरवावं लागल्यावर चालत तळावर परतलेल्यांच्या 'लेट अरायव्हल्स क्लब'ची ती खूण. बूट सापडला तर ब्रह्मदेशाची कथा बाजूला ठेवून आधी लिबिया-इजिप्तकडे पाहा.

रेशमी रुमालासारखा दिसणारा नकाशा निघाला तर तो धुऊ नका, इस्त्री करू नका. कोपऱ्यातल्या पत्रक क्रमांकाचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. त्याच्यासोबत अनेक भाषांत छापलेली चिठ्ठीही असू शकते: 'हा वैमानिक आमचा आहे, याला सुखरूप पोचवा, बक्षीस मिळेल.' इंग्रजीत तिला ब्लड चिट म्हणतात, आणि त्यातलं चिट म्हणजे आपली चिठ्ठीच. तिच्यावर अनुक्रमांक असेल तर तोही टिपा. साधं दिसणारं बटण उलट्या आट्याने उघडलं तर आत होकायंत्र असू शकतं. जोर लावू नका, घड्याळजीकडे न्या.

पत्रं असतील तर मजकुराआधी पाकीट वाचा. फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक, सेन्सॉरचा शिक्का, तारीख, तिन्ही लिहून घ्या. टपाल तिकिटांचे जाणते संग्राहक फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकावरून ते त्या महिन्यात कुठे होतं ते सांगू शकतात. इटलीतल्या छावणीच्या पत्त्यात 'पी.जी.' आणि आकडा येतो, जर्मनीतल्या वैमानिकांच्या छावणीच्या पत्त्यात 'स्टालाग लुफ्त'. पणजोबांच्या वहीत मोडी लिपीतली नोंद असेल तर मोडीचा जाणकार गाठा. 'तार आली', 'मनीऑर्डर थांबली' अशा दोन शब्दांनीही तारीख पक्की होते.

देवळालीच्या शिक्क्याने मात्र फसू नका. कागदावर 'देवलाली' दिसलं की नाशिकच्या घरात लगेच 'आजोबा इथेच होते' असं ठरतं. त्या काळी देवळाली हा फौजांचा मोठा संक्रमण तळ होता. मायदेशी निघालेले ब्रिटिश सैनिक तिथे जहाजाची वाट पाहत, आणि युद्धाच्या सुरुवातीला जर्मन-ऑस्ट्रियन स्थानबद्धांनाही काही काळ तिथे ठेवलं होतं. देवळालीचा शिक्का म्हणजे कागद देवळालीतून गेला, एवढाच अर्थ घ्या.

नाशिकमध्ये कुठे जायचं, कुठे नाही

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नीची नोंद झाली असेल तर सेवा क्रमांक, दल, सेवानिवृत्तीची तारीख आणि पेन्शनचा आदेश क्रमांक मिळू शकतो. आजीची ओळखपत्राची जुनी प्रत घेऊन जा, काम लवकर होतं.

नाशिकरोडचं तोफखाना अभिलेख कार्यालय हे सगळ्या सैन्याचं दफ्तर नाही. तिथे फक्त तोफखान्यातल्या जवानांचे आणि जेसीओंचे (सुभेदार वगैरे) कागद असतात, अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीला लष्कर मुख्यालयाकडे. तरी एक शक्यता डोक्यात ठेवा. 'आजोबा तोफखान्यात होते' आणि 'आजोबा विमान चालवायचे' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. एअर ओपी म्हणजे तोफांचा मारा वरून दुरुस्त करणारी हलकी विमानं तोफखान्याचे अधिकारीच उडवत. आर्मी एव्हिएशन वेगळं दल झालं ते १ नोव्हेंबर १९८६ रोजी. त्याआधीच्या एअर ओपी वैमानिकाचा शोध हवाई दलात घेत बसलात तर वर्ष वाया जाईल.

सार्वजनिक वाचनालयात आणि मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत त्या महिन्यांची वर्तमानपत्रं पाहा. 'बेपत्ता', 'सुखरूप', 'पराक्रमाबद्दल पदक' अशा बातम्या घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी छापून येत, म्हणून तारखेपुढचे तीन महिने तरी चाळा. गावच्या तलाठ्याकडचे जुने फेरफारही बघा. बेपत्ता ठरलेल्या माणसाचं नाव वारसनोंदीत कमी होऊन पुन्हा लागलेलं असेल तर त्या दोन फेरफारांच्या तारखा तुमच्या कथेची चौकट होतात.

दिल्लीला अर्ज

हवाई दलातल्या एअरमनचे, म्हणजे अधिकारी नसलेल्यांचे, कागद दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधल्या हवाई दल अभिलेख कार्यालयाकडे असतात. पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी सागर. रॉयल एअर फोर्समध्ये थेट भरती झालेल्यांचे कागद ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडे होते आणि २०२२ पासून टप्प्याटप्प्याने तिथल्या नॅशनल अर्काइव्हजकडे जात आहेत.

पहिला अर्ज साधा, वारस म्हणून करा. त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, ट्रेड, नावाची सगळी इंग्रजी स्पेलिंगं, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जुन्या स्पेलिंगप्रमाणे 'नासिक' जिल्हा लिहा. मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन पोर्टल, उत्तराची मुदत ३० दिवस. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांबद्दल कलम ८(३) लागू होतं, म्हणजे माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं तिथे चालत नाहीत. त्याचा अर्जात उल्लेख करा.

'आजोबांची सर्व माहिती द्यावी' असं मागितलंत तर 'उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येण्याची शक्यता मोठी. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. पण लाँग रोल म्हणजे भरतीची मोठी नोंदवही राखलेली असते. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. लष्करासाठी शीट रोल, लाँग रोलमधली नोंद आणि पार्ट टू ऑर्डर्स, हवाई दलासाठी पर्सोनेल ऑकरन्स रिपोर्ट. 'बेपत्ता', 'कैदेत', 'परत रुजू' हे शब्द पार्ट टू ऑर्डर्स आणि ऑकरन्स रिपोर्ट या दोन प्रकारच्या कागदांत तारखेनिशी येतात. दोन-तीन महिन्यांची कालमर्यादाही लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला एकच जुडगा उघडावा लागेल.

युद्धदैनंदिन्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात, आणि सरकारी फायली जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. तिथेही नावाऐवजी स्क्वाड्रन आणि वर्ष टाकून शोधा.

लंडनच्या क्यू भागातल्या फायली

ब्रिटनचं नॅशनल अर्काइव्हज क्यूमध्ये आहे, त्याची सूची मोफत आहे. फायलींच्या मालिकांची नावं शोधताना रोमन अक्षरांत टाइप करायची असतात, इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

एआयआर २७ मध्ये स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं आहेत. फॉर्म ५४० म्हणजे रोजचा गोषवारा. फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमानाचा सीरियल, चालकदल, निघण्याची आणि परतण्याची वेळ. परतण्याच्या रकान्यात वेळ नसलेली ओळ शोधा. ती सापडली की तिथेच थांबू नका, वरची आणि खालची ओळ वाचा. टेहळणीची हरिकेन विमानं जोडीने जात, एक पुढे आणि दुसरं मागे राखण करणारं. आजोबांना शेवटचं कुणी पाहिलं, धूर कुठे दिसला, पॅराशूट उघडलं का, हे जोडीदाराच्या ओळीत असतं. व्हेन्जन्ससारख्या दोघांच्या विमानात दुसऱ्या माणसाच्या नावानेही शोध घ्या, कारण निवेदन त्याच्या नावाने नोंदलेलं असू शकतं. गोषवाऱ्याची पुढची चार-सहा महिन्यांची पानं उलटा. 'अमुक आज चालत तळावर आला' अशी एका ओळीची नोंद तिथेच भेटते.

पुढे डब्ल्यूओ २०८. युरोपातून सुटून आलेल्यांची निवेदनं ३२९८ ते ३३२७ या क्रमांकांच्या फायलींत आहेत. इथे दोन शब्दांतला फरक पक्का करा. पकडला जाऊन पळालेला तो एस्केपर, कधीच न पकडला गेलेला तो इव्हेडर. घरी दोघांनाही 'कैदेतून पळाले' म्हणतात, पण कागद वेगवेगळ्या ठिकाणी असतात. इव्हेडरचं नाव कैद्यांच्या यादीत सापडणारच नाही, आणि ते नाही म्हणून कथा खोटी ठरत नाही. निवेदनाच्या पुरवण्या जरूर मागवा. एकीत मदत करणाऱ्यांची नावं-पत्ते असतात, दुसरीत नकाशा, होकायंत्र, पैसे यांचा उपयोग झाला का ते. पुरवणी मूळ निवेदनापासून वेगळी लावलेली असू शकते.

ब्रह्मदेशाच्या बाबतीत एवढी सोय नाही. भारतात अशी निवेदनं घेण्याचं काम 'ई ग्रुप' नावाची शाखा पाहत होती. निवेदनं डब्ल्यूओ २०८ सोबतच डब्ल्यूओ २०३ म्हणजे आग्नेय आशिया कमांडच्या आणि एआयआर २३ म्हणजे परदेशातल्या हवाई कमांडच्या फायलींत विखुरलेली आहेत. आजोबा ज्या पायदळाच्या चौकीवर पोचले, त्या पलटणीची युद्धदैनंदिनी डब्ल्यूओ १७२ मध्ये मिळते, आणि तिथे 'एक हवाई अधिकारी आज आपल्या हद्दीत आला' अशी ओळ असू शकते. मुक्त झालेल्या कैद्यांच्या प्रश्नावल्या डब्ल्यूओ ३४४ मध्ये आहेत. त्यांत पळून जाण्याच्या प्रयत्नांविषयी वेगळा प्रश्न असे.

वेळ आणि नकाशा

इथे सगळ्यात जास्त गफलती होतात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतात घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. जपानी फौजा ब्रह्मदेशात टोकियोची वेळ पाळत, नऊ तास. ब्रिटिश कागदात सकाळी साडेनऊला पडलेलं विमान जपानी कागदात दुपारी बाराचं दिसेल. दोन वेगळ्या घटना समजून तुम्ही एक सोडून द्याल. प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळाची आहे ते लिहा.

नकाशाचं पत्रक ठाऊक नसेल तर कागदात दिलेला जागेचा सहा आकडी संदर्भ निरुपयोगी. सर्व्हे ऑफ इंडियाची पत्रकं सलग क्रमांकांची आहेत. नाशिक शहर ४६ एच आणि ४७ ई यांच्या हद्दीवर येतं, चिन टेकड्या आणि आराकानचा बराच भाग ८४ मध्ये. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्या भागाचे अमेरिकी लष्करी नकाशे मोफत ठेवले आहेत. गावांची नावं त्या काळच्या नकाशावरच शोधा, आजच्या नाही.

मग अंतर मोजा. नाशिकहून त्र्यंबकला सडकेने २८ किलोमीटर. तेवढंच अंतर भर पावसात, रस्ता टाळत, बुटाशिवाय, रोज एक टेकडी चढून उतरत चालायचं म्हणजे काय, ते ब्रह्मगिरी चढलेल्याला सांगावं लागत नाही. घरच्या कथेतलं 'दोन दिवसांत आले' आणि नकाशावरचे ऐंशी किलोमीटर जुळत नसतील तर तारीख तरी चुकली आहे किंवा जागा. कथेत कोरडी नदी ओलांडली असेल आणि तारीख ऑगस्टची असेल तर तोच प्रश्न. त्या रात्रीची चंद्रकला जुन्या पंचांगात पाहा. तिथी घरबसल्या मिळते, आणि 'चांदण्यात चाललो' हे वाक्य तपासता येतं.

काळाशी न जुळणाऱ्या नकाशाने काय होतं याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तीन भारतीय वैमानिक भिंत फोडून निसटले आणि अफगाण सीमेजवळ पोचले. तिथे त्यांनी जुन्या नकाशात दिसलेल्या लंडी खाना स्थानकाची चौकशी केली. ते स्थानक १९३२ मध्येच बंद झालं होतं. त्या प्रश्नावरून संशय आला आणि ते पकडले गेले.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांसाठी क्यू नको, दिल्लीच. संरक्षण मंत्रालयाचे अधिकृत युद्धेतिहास, स्क्वाड्रनचे कागद, आणि सोबतचे सैनिक हयात असतील तर त्यांची मुलाखत आधी घ्या. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. १९७१ चे हवाई दलाचे कैदी १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्याहून परतले, त्यानंतरच्या आठवड्याची वर्तमानपत्रं नक्की पाहा.

आजोबा वैमानिक नव्हतेच, असं निघालं तर

असं बरेचदा होतं. 'विमान' हा शब्द कथेत दुसरीकडूनही येतो. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो भारतीय सैनिक इटलीत होते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवल्यावर कित्येक जण छावण्यांतून निघून डोंगरांत गेले. फ्रान्समध्ये एपिनालच्या छावणीवर ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांचे बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या आणि सुमारे ५०० भारतीय स्वित्झर्लंडला पोचले. 'विमानं आली आणि आजोबा सुटले' हे दोन पिढ्यांत 'आजोबांचं विमान पडलं' होऊ शकतं. पलटणीचं नाव सापडलं की जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे कैद्याच्या नोंदीसाठी अर्ज करा. अर्ज ठरावीक काळातच उघडतात आणि संख्येला मर्यादा असते, म्हणून सेवा क्रमांक, छावणी, पकडल्याची तारीख हे सगळं आधीच जुळवून ठेवा.

जपान्यांच्या हातून सुटलेल्या भारतीय सैनिकाच्या चौकशीच्या कागदावर 'व्हाइट', 'ग्रे' किंवा 'ब्लॅक' असा शेरा दिसू शकतो. आझाद हिंद फौजेशी संबंध किती, यावरून ब्रिटिश चौकशी अधिकाऱ्यांनी केलेली ती वर्गवारी. तो शेरा वाचून घरात कुणाची मान खाली जाऊ देऊ नका आणि कुणी कागदही फाडू नये. चौकशी करणाऱ्याचं मत आणि त्यात नोंदवलेला प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला प्रवास हवा आहे.

नोंदी कशा ठेवायच्या

एक साधी वही किंवा स्प्रेडशीट. रकाने सहा: तारीख, घड्याळ कुठलं, जागा आणि नकाशा पत्रक, काय घडलं, कुणी सांगितलं, फायलीचा पूर्ण क्रमांक. घरातली आठवण हीसुद्धा नोंद आहे, ती कुणी, कधी सांगितली ते लिहून वेगळ्या रंगात ठेवा. कागद आणि आठवण भांडत असतील तर दोन्ही ओळी राहू द्या. फायलीच्या मुखपृष्ठाचा फोटो प्रत्येक वेळी घ्या. वर्षभराने 'हे पान कुठल्या फायलीतलं' हे आठवत नाही आणि पुन्हा पैसे भरून तीच फाइल मागवावी लागते.

निवेदनात मदतनीसांची नावं सापडली तर प्रत्येक नावासाठी वेगळं पान करा: गाव, दिलेली मदत, किती रात्री ठेवलं, पुढे कुणाच्या हवाली केलं. नागा, चिन, काचिन गावांतली नावं इंग्रज अधिकाऱ्याने ऐकून लिहिलेली असतात, म्हणून ती त्या भागातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, खरा उच्चार तिथेच कळतो. त्यांची घरं शोधायची असतील तर आधी गावच्या मंडळींना किंवा चर्चला पत्र लिहा, सोबत आजोबांचा तरुणपणीचा फोटो आणि निवेदनातल्या त्या परिच्छेदाचं त्यांच्या भाषेतलं भाषांतर जोडा. तुमच्या घरात जसं एक वाक्य उरलं, तसंच त्यांच्याकडेही उरलेलं असू शकतं. पत्रात पहिला प्रश्न तोच विचारा: आभाळातून आलेल्या माणसाची काही गोष्ट तुमच्याकडे सांगतात का?